फवारणीआधी पान उलटून बघा

(कुपवाड, ता. मिरज येथे ऊस व द्राक्ष बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येताना वाटेत एका उसाच्या फडाशी गाडी थांबवली आणि मालकाला विचारून हे एक पान तोडून आणले. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल. पानाची वरची बाजू काळी पडली आहे, चुलीवरच्या भांड्याला काजळी धरावी तशी. बोट लावले तर चिकटते. आता पान उलटतो. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना हा पांढरा थर आहे, कापूस पिंजून चिकटवावा तसा. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना हे काय आहे ते सांगायला नको. हा लोकरी मावा. पण या थरात हा एवढा तुकडा नीट बघा. इथे लोकर विस्कटलेली आहे, बारीक जाळी आहे, आणि जाळीच्या आडोशाला हिरवट-करड्या रंगाची एक अळी आहे. या अळीविषयी मी आज जास्त बोलणार आहे.

मला विषय दिला आहे 'निसर्गातील जीवांचे परस्परसंबंध'. हा शाळेच्या पुस्तकातला विषय वाटतो. वाघ हरिण खातो, हरिण गवत खाते, आणि खाली चार गुणांचा प्रश्न. पण तुमच्या सरीत आणि बांधावर हाच विषय रोज चालू असतो आणि त्याचे बिल तुम्हीच भरता. कुपवाडसारख्या गावात तर ते जास्त जाणवते. एका अंगाला औद्योगिक वसाहत, १९९८ पासून महापालिका, आणि दुसऱ्या अंगाला ऊस, द्राक्ष, हळद. अनेक घरांत एक भाऊ कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी रानात येतो. त्याच्याकडे पीक बघायला वेळ कमी, म्हणून तो फवारणारी टोळी बोलावतो. टोळी येते, पंप भरते, फवारते, जाते. त्या फडात त्या दिवशी कोण कोण राहत होते याची चौकशी कोणी करत नाही.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात हा लोकरी मावा उसावर मोठ्या प्रमाणात आढळला. त्याआधी तो भारतात नव्हता असे नाही. पश्चिम बंगालमध्ये १९५८ सालीच त्याची नोंद झाली होती, पुढे आसाम आणि नागालँडमध्येही तो होता. जावा बेटावर तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो शास्त्रज्ञांना माहीत होता. आपल्याकडे मात्र तो पाहुणा म्हणून आला आणि एका हंगामात घरमालक होऊन बसला. सांगली, सातारा, कोल्हापूर करता करता काही महिन्यांतच तो पलीकडे बेळगाव, बागलकोट, विजापूरकडे पोहोचला.

त्याचा वेग समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. या माव्याला वाढीसाठी नराची गरज लागत नाही. मादी एकटीच, अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले थोड्याच दिवसांत स्वतः पिल्ले द्यायला लागतात. त्यातल्या काहींना पंख फुटतात आणि ती वाऱ्याबरोबर पुढच्या फडात जातात. जी उडत नाहीत त्यांना आपण नेतो. तोडणीनंतर वाढ्याचे भारे गाडीवर घालून या गावातून त्या गावात जनावरांसाठी जातात, त्यांच्याबरोबर मावाही बिनतिकिटाचा प्रवास करतो. ढगाळ हवा आणि दमट हवामान मिळाले की मग विचारायला नको.

तो रस शोषतो हे एक नुकसान. रस गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि जादा साखर गोड चिकट थेंबांच्या रूपाने खालच्या पानांवर टाकतो, हे दुसरे. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, वरच पसरते, पण ऊन अडवते. ऊन नाही तर साखर नाही. उसाचे वजन घटते, उतारा घटतो. शिवाय ज्यांच्या दारात दोन म्हशी आहेत त्यांचे वाढे वाया जाते. हा तोटा कारखान्याच्या हिशेबात येत नाही, घरातल्या बाईच्या हिशेबात येतो.

त्या वर्षी गावोगाव घबराट होती. आठ महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत शिरायला वाट नाही, पाने अंगाला कापतात, आणि मावा पानाच्या खालच्या बाजूला. तरी लोकांनी फवारले, धुरळले, पैसे उसने आणून फवारले. आम्ही सल्ला देणारेही गोंधळलो होतो. त्यातली माझी स्वतःची एक चूक सांगतो.

मिरज तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याच्या फडावर मी जात असे. त्याने माझ्या सांगण्यावरून एकदा फवारणी केली होती. काही दिवसांनी त्याचा निरोप आला, "साहेब, लोकर कमी झालीया, पण आता आळी पडलीया. तिला काय मारू?" मी गेलो. पान बघितले, पण घाईत बघितले. जाळी दिसली, अळी दिसली. उसावर अळी म्हटली की आमच्या डोक्यात खोडकिडा, कांडीकिडा, पाने खाणारी अळी एवढेच येते. मी त्याला दुसरी फवारणी सांगितली. त्याने दुकानातून उधारीवर औषध आणले आणि मारले.

बांधापलीकडे त्याच्या चुलत भावाचा फड होता. त्याच्याकडे दुसऱ्या फवारणीला पैसे नव्हते, त्याने काही केले नाही. सुमारे महिन्याने मी परत गेलो तेव्हा पहिल्याचा ऊस पुन्हा पांढरा झाला होता. भावाच्या फडात लोकर जवळजवळ संपली होती आणि पानांवर फक्त रिकामी जाळी आणि कोषांची टरफले राहिली होती. तिथे उभा राहून मी एक पान खाली बसून निवांत बघितले आणि मला कळले की मी कोणाला मारायला सांगितले होते. ती अळी उसाचे पान खातच नव्हती. ती मावा खात होती. शेतकरी मला काही बोलला नाही. चहा दिला. तो चहा पिणे मला फार जड गेले.

एक खुलासा करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की न फवारणाऱ्याचे सोने झाले. तसे झाले नाही. सुरुवातीचे दोन-अडीच महिने त्याचाही ऊस शोषला गेला होता आणि वजनात तो मार त्याने खाल्ला. पण त्याच्या फडातला मावा फडातच संपला आणि त्यासाठी त्याला कर्ज काढावे लागले नाही.

या अळीचे नाव डिफा. जुन्या शिफारशींत तुम्हाला ती कोनोबाथ्रा या नावाने सापडेल, दोन्ही एकच. ती एका लहानशा करड्या पतंगाची अळी आहे. पतंग माव्याच्या वसाहतीजवळ अंडी घालतो, अळी बाहेर पडते, जाळी विणत विणत माव्याच्या गर्दीतून पुढे सरकते आणि वाटेत येईल तो मावा फस्त करते. पानावरच कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत तिला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा.

तिचा एक जोडीदार आहे, मायक्रोमस. तपकिरी पंखांचा नाजूक कीटक, पंख छपरासारखे मिटून बसतो. त्याची अळी मावा खाते आणि पंख फुटल्यावर तो स्वतःही मावाच खातो. शिवाय ढालकिडे आहेत, सिरफिड माशी आहे. पुढे ईशान्य भारतातून एन्कार्शिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी आणून सोडली गेली. तिचे खाणे वेगळे. ती माव्याच्या पोटात अंडे घालते, पिल्लू आतून मावा पोखरते आणि पाठीला भोक पाडून बाहेर येते. डिफा आणि मायक्रोमस शेडनेटमध्ये उसावर वाढवून शेतकऱ्यांना देण्याचे काम त्या काळात विद्यापीठांनी, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आणि कित्येक साखर कारखान्यांनी केले. हेक्टरी डिफाच्या १००० किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्यात ही शिफारस तेव्हापासूनची आहे. आजही लोकरी मावा नाहीसा झालेला नाही, हे पान त्याची साक्ष आहे. पण २००२ सारखा हाहाकार होत नाही, त्याचे मोठे कारण हे जीव आता फडाफडांत वस्तीला आहेत.

मावा मात्र निमूटपणे खाल्ला जातो असे समजू नका. या लोकरी माव्याच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या कपाळावर दोन बारीक शिंगे असतात. शत्रू अंगाशी आला की ही पिल्ले त्याला बिलगतात आणि शिंगे खुपसतात. ज्याला शत्रूने पकडले तो मावा पाठीमागून एक थेंब बाहेर टाकतो. त्या थेंबाच्या वासाने शेजारची पिल्ले चवताळून हल्ला करतात आणि मोठे मावे पळ काढतात. या पानाच्या चार इंचांत एक गढी आहे, शिबंदी आहे आणि धोक्याची घंटाही आहे. मी भिंग आणले आहे, नंतर बघा.

आता तीन ते पाच आठवड्यांचा हिशेब. मावा काही दिवसांत दुप्पट होतो. त्याला खाणारा एका पिढीला महिना घेतो. शिवाय खाणारा आधी येऊन वाट बघत बसत नाही, कारण खायलाच काही नसेल तर तो जगेल कशावर? म्हणून नेहमी कीड पुढे आणि तिचा शत्रू मागे, हा निसर्गाचा क्रम आहे. या दोघांच्या मध्ये काही आठवडे जातात, तेव्हा फड सगळ्यात वाईट दिसतो. नेमका त्याच वेळी शेतकऱ्याचा धीर सुटतो आणि तो पंप काढतो.

फवारणीने काय होते? उसात मावा पानाखाली, लोकरीखाली, दाट पसाऱ्यात असतो. औषध सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, काही मावे उरतातच. खाणारे मात्र शिकारीसाठी पानभर हिंडत असतात, त्यांच्या अंगाला औषध जास्त लागते. जे वाचतात ते औषध लागलेला मावा खाऊन मरतात, आणि त्यातूनही राहिले तर उपाशी मरतात. उरलेल्या माव्याला आता मोकळे रान. तो महिनाभरात पहिल्या संख्येला येतो. शत्रूला परत जमायला दोन-तीन महिने लागतात. तुम्ही म्हणता, औषध बोगस होते. काही वेळा असेलही. पण पुष्कळदा औषधाने आपले काम चोख केलेले असते, फक्त चुकीच्या बाजूचे जास्त मेलेले असतात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने बुडायला आल्या होत्या. ती कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. १८८८ साली अल्बर्ट कोबेल नावाचा माणूस ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून तिला खाणारा लाल-काळा ढालकिडा शोधून पाठवला. दीड-दोन वर्षांत बागा सावरल्या. ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत आहे. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९४० च्या दशकात डीडीटी आले, बागांवर फवारले गेले, ढालकिडा मेला आणि पन्नास वर्षे दबलेली कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरल्यावर ढालकिडा परतला.

आता द्राक्षाकडे येतो, कारण मागे बसलेली मंडळी कधीपासून चुळबूळ करत आहेत. तुमचा त्रास म्हणजे पिठ्या ढेकूण. बागेत फिरताना खोडावरून वर जाणारी मुंग्यांची रांग दिसली की पुष्कळ जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात, मुंगी द्राक्ष थोडीच खाते म्हणून. ती द्राक्ष खात नाही, ती दूध काढायला चालली आहे. पिठ्या ढेकूण माव्यासारखाच गोड चिकटा टाकतो आणि मुंगीला तो हवा असतो. त्याच्या बदल्यात मुंगी गवळ्याने म्हशी राखाव्यात तसा ढेकूण राखते. त्याच्यावर अंडी घालायला आलेल्या बारीक गांधीलमाशीला हुसकते, खायला आलेल्या भुंग्याला चावून पळवते. बागेत मित्रकीटक सोडले आणि उपयोग झाला नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, मुंग्या होत्या का? खोडाची सैल साल काढणे, जमिनीला टेकलेल्या फांद्या उचलणे, तणांचे पूल मोडणे, वारुळांचा बंदोबस्त करणे ही कामे भुंगे सोडण्याच्या आधीची आहेत.

भुंगा कोणता, तर क्रिप्टोलिमस. काळा, डोक्याकडे तांबूस, तुरीच्या डाळीहून लहान. हाही मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी तो भारतात आणला गेला, आणि पुढे आपल्या फळबागांत पिठ्या ढेकणावर कामाला आला. याच्या बाबतीत एक गंमत आहे आणि ती महागात पडते. याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्या असतात, त्यामुळे ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पैसे देऊन भुंगे आणायचे, सोडायचे, आणि पंधरा-वीस दिवसांनी "ढेकूण वाढला आणि मोठाही झाला" म्हणून त्यांच्याच पिल्लांवर औषध मारायचे, असे प्रकार होतात. ओळख सोपी आहे. काडीने डिवचा. ढेकूण रेंगाळतो, अळी झपझप चालायला लागते.

द्राक्षाची अडचण मी जाणतो. डाऊनीसाठी, भुरीसाठी फवारण्या इतक्या की या भुंग्याला निवांत दिवस मिळणे मुश्कील. बागेत सगळे मित्रांवर सोडून द्या असे मी म्हणणार नाही, आणि तसे म्हणणाऱ्याची स्वतःची बाग आहे का ते आधी बघा. पण छाटण्यांच्या मधला जो काळ कमी फवारण्यांचा आहे तो यांच्यासाठी राखता येतो. आणि किडीवर वाढणाऱ्या बुरशीचे औषध, मग ते व्हर्टिसिलियम असो की मेटारायझियम, त्याच टाकीत बुरशीनाशकाबरोबर मिसळू नये. हळदीच्या बेण्याला ट्रायकोडर्मा लावणाऱ्यांनाही हेच लागू. बुरशीला बुरशीनाशकात बुडवून तिच्याकडून कामाची अपेक्षा करायची, हा व्यवहार तुम्ही दुसऱ्या कोणत्याही मजुराशी करणार नाही.

इथे मला 'मित्र' आणि 'शत्रू' या शब्दांबद्दल थोडे बोलायचे आहे. हे शब्द आम्हीच रूढ केले, सोपे पडतात म्हणून. पण क्रिप्टोलिमस तुमचा मित्र नाही. त्याला भूक आहे, एवढेच. फड्या निवडुंग माहीत असेल. एके काळी दख्खनच्या पठारावर गावठाणे आणि पडीक राने त्याने व्यापली होती. आज तो बांधावर तुरळक दिसतो. १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणलेल्या कोचिनील किड्याने हा निवडुंग खाऊन संपवत आणला. हा किडाही पांढऱ्या कापसात गुंडाळलेला, पिठ्या ढेकणाचाच लांबचा भाऊबंद. दक्षिण आफ्रिकेतही निवडुंग मारण्यासाठी तो सोडला होता, पण तिथे क्रिप्टोलिमस त्यालाच खाऊ लागला आणि निवडुंगाचे काम रखडले. द्राक्षात जो आपला, तो निवडुंगात परका. म्हणून एखादा जीव मित्र की शत्रू हे विचारण्याआधी तो काय खातो आणि त्याला कोण खातो हे विचारावे. उत्तर त्या पिकापुरते आणि त्या वेळेपुरते असते.

सगळेच संबंध खाण्याचे नसतात. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबरला तुमच्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. उंबर फोडला की आत चिलटे निघतात आणि आपण तो टाकून देतो. ती चिलटे नव्हेत, बारीक गांधीलमाश्या आहेत. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आतच असतात, बाहेरून दिसत नाहीत. मादी गांधीलमाशी बारीक तोंडातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. ती आतल्या फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुली नवे पराग घेऊन दुसरा उंबर शोधायला निघतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर या माशीला जन्मायला दुसरी जागा नाही. तेव्हा उंबर फोडून तोंड वाकडे करण्याआधी तिचे उपकार आठवा.

असाच एक करार तुमच्या पायाखाली चालू असतो. उसात सोयाबीन किंवा भुईमूग आंतरपीक घेता, तेव्हा फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप हळूच, मुळासकट मातीच्या ढेकळासह उपटा. उपटताना ओढू नका, गाठी तुटून राहतात. मुळांवरची एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल दिसली तर आतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून रोपाला देत आहेत आणि रोप त्यांना साखर देत आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर कामबंद आहे. आणि अशा वेळी शेतकऱ्याला विचारले तर बहुधा कळते की युरियाचा हात सढळ पडला. बाजारातून आयता नत्र मिळाला की रोप साखर खर्चून जिवाणू पोसत नाही. त्यात रोपाची काही चूक नाही, आपणही तेच केले असते. उसाला जादा नत्र दिला की पाने कोवळी, रसाळ होतात आणि माव्याला ती आवडतात, हेही त्याच गोणीचे दुसरे टोक.

नदीकाठच्या रानांतली हुमणी हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. एवढेच सांगतो की नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या उतरतात ते तमाशा बघायला नव्हे. नांगरट पहाटे लवकर किंवा दिवसा उजेडी करा, रात्री दिवे लावून ट्रॅक्टर फिरवला तर वर आलेली हुमणी सकाळपर्यंत परत मातीत जाते आणि पाखरांच्या वाट्याला काही राहत नाही. आणि पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमले की ते गोळा करण्याचे काम एकट्याचे नाही. तुम्ही वेचलेत आणि शेजाऱ्याने सोडले, तर अंडी तुमच्याच सरीत पडतात.

हीच गोष्ट माव्याची आहे, म्हणून शेवटी पुन्हा उसावर येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, विशेषतः सलग ढगाळ हवा राहिली की आठवड्यातून एकदा फडात जा. कडेची दोन पाने बघून परत येऊ नका, चार-पाच ठिकाणी थोडे आत शिरा. वरून पाने काळी दिसत असतील तिथे त्यांच्या वरची पाने उलटा. लोकर दिसली तर ती कशी आहे ते बघा. सलग, घट्ट, भरगच्च थर असेल आणि त्यात दुसरे काहीच नसेल, तर तिथे अजून कोणी पोहोचलेले नाही. थर विस्कटलेला, मधूनच फाटलेला, जाळी, अळ्या, कोष किंवा तपकिरी पंखांचे मायक्रोमस दिसत असतील, दर दोन-चार पानांआड कोणी ना कोणी सापडत असेल, तर पंप खोलीतच राहू द्या. आठ-दहा दिवसांनी तीच जागा परत बघा. खुणेला उसाला चिंधी बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कुठे बघितले होते ते आठवत नाही. मी स्वतः चिंधी बांधतो.

कोणीच नसेल तर आणा. ज्या शेजाऱ्याच्या फडात डिफा भरपूर आहे त्याच्याकडून अळ्या-कोष असलेले पानांचे तुकडे कापून आणायचे आणि आपल्या मावा असलेल्या पानांना टाचणीने किंवा दोऱ्याने लावायचे. मात्र ज्या फडात मावा नाही तिथे असले तुकडे नेऊ नका, डिफाबरोबर मावाही जाईल. त्याच कारणाने मावा असलेले वाढे दुसऱ्या गावाला देऊ नका, विकतही नको आणि नात्यातही नको. सुरुवातीला एखाद्या कोपऱ्यातच लोकर दिसली तर तेवढी पाने काढून तिथेच नष्ट करणे सगळ्यात स्वस्त. फवारायची वेळ आलीच, म्हणजे ऊस लहान आहे, मावा पसरतो आहे, खाणारे कुठेच नाहीत, तर जिथे आहे तेवढ्याच पट्ट्यात फवारा, विद्यापीठाच्या चालू शिफारशीतलेच औषध घ्या आणि बाकीचा फड तसाच राहू द्या, म्हणजे कोणी येणारे असतील त्यांना उतरायला जागा राहील. पुढच्या लावणीला जोडओळ पट्टा पद्धत ठेवलीत तर निदान आत शिरून पान उलटता तरी येईल.

बांधावर दोन ओळी मका किंवा चवळी टाका. चवळीवर काळा मावा येईल. येऊ द्या, तो उसावर जात नाही. त्याच्यावर ढालकिडे वाढतील. त्यांची पिल्ले ओळखून ठेवा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसतात, आणि त्यांच्या दिसण्यामुळे लोक ती चिरडतात. सिरफिडची अळी तर बिनपायाची, शेंबडासारखी, तिलाही कोणी भला म्हणत नाही. तिची माशी मध खाऊन जगते, म्हणून तणनाशकाने बांध पार बोडका करण्याआधी थोडी फुले राहू द्या.

माझा वेळ संपला आहे, आणि मला वाटते बोलण्यापेक्षा बघणे बरे. हे पान आणि भिंग टेबलावर ठेवतो. गर्दी न करता चार-चार जण या. शिंगवाली पिल्ले अगदी बारीक, पिवळसर आहेत, लोकर नसलेली, ती कडेला शोधा. अळी पान सोडून टेबलावर उतरली तर झटकू नका, कागदावर घ्या. ज्यांच्या फडात मावा आहे आणि डिफा नाही त्यांनी हात वर करावा, जाताना हे पान मी त्यांनाच देणार आहे.